कॉमिक्समधली उचल: कित्ता कुठे संपतो आणि चोरी कुठे सुरू होते

मे १९३९ ची तारीख असलेल्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’च्या २७ व्या अंकाचं मुखपृष्ठ कॉमिक्स वाचणाऱ्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेलं असतं. पिवळं आकाश, उंच इमारतींच्या गच्च्या, दोरीला लटकून झोका घेत येणारा बॅटमन आणि त्याने बगलेत मान आवळून धरलेला एक गुंड. बॅटमन जगासमोर पहिल्यांदा आला तो या चित्रातून. चित्रकार बॉब केन तेव्हा तेवीस वर्षांचा होता.

आता अ‍ॅलेक्स रेमंडच्या ‘फ्लॅश गॉर्डन’ या वर्तमानपत्री चित्रमालिकेतली १९३७ ची एक चौकट त्याच्या शेजारी ठेवा. तिथेही नायक दोरीला लटकलेला आहे, आणि शरीराचा बाक तोच, पायांची ठेवण तीच. अंक उघडून आतली पानं पाहिली तर आणखी सापडतं. १९३८ मध्ये ‘गँग बस्टर्स’ या गुन्हेकथांवर एक छोटं, जाडजूड चित्रपुस्तक निघालं होतं, त्यात हेन्री व्हॅलेली नावाच्या चित्रकाराची चित्रं होती. बॅटमनच्या पहिल्या कथेतल्या काही चौकटी सरळ त्या चित्रांवरून घेतलेल्या आहेत. कथेचं मूळही ‘शॅडो’ या गूढ नायकाच्या १९३६ च्या एका कथेत आहे, हे ती लिहिणाऱ्या बिल फिंगरने पुढे स्वतःच सांगितलं. आणि या फिंगरचं नावसुद्धा कित्येक दशकं बॅटमनच्या श्रेयात नव्हतं. ते अधिकृतपणे आलं २०१५ मध्ये, तो जाऊन चाळीसहून अधिक वर्षं झाल्यावर.

म्हणजे जगातल्या सर्वांत ओळखीच्या नायकांपैकी एकाचा जन्मच उसन्या रेषांमधून झाला. यावर चटकन निकाल देण्याचा मोह होतो. कोणी म्हणतं, ‘केन चोर होता’. कोणी म्हणतं, ‘त्या काळी सगळेच करायचे’. दोन्ही वाक्यांत थोडं तथ्य आहे आणि दोन्ही वाक्यं विचार थांबवतात. नक्कल म्हटलं की आपण एकच गोष्ट डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्षात त्या एका शब्दाखाली चार-पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यांतल्या काही तर शिकण्याचा एकमेव मार्ग असतात.

अमेरिकन कॉमिक्सच्या धंद्यात दुसऱ्याचं चित्र घेऊन आपल्या पानात बसवण्याला ‘स्वाइप’ म्हणतात. बोलीत त्या शब्दाचा अर्थ हातोहात लांबवणं. मराठीत त्याला ‘उचल’ हा शब्द चपखल बसतो, तोच वापरू या. चित्रकार मासिकांतली, जाहिरातींतली, इतरांच्या कॉमिक्समधली कात्रणं विषयवार लावून ठेवत: घोडे, मोटारी, हात, पडणारी माणसं, रडणाऱ्या बायका. या कात्रणांच्या फायलीला ‘स्वाइप फाइल’ असंच नाव होतं, आणि ती बाळगण्यात कोणाला काही लपवावंसं वाटत नसे. सुताराकडे पटाशी असते तशी चित्रकाराकडे ही फाइल.

कारण कामाचा रेटा. अमेरिकन मासिक कॉमिकची आज साधारण वीस ते बावीस पानं असतात. पानाला सरासरी पाच चौकटी धरल्या तरी महिन्याला शंभरावर चौकटी होतात. दर चौकटीत माणसं, त्यांचे हात, कपडे, मागची खोली, खिडकीबाहेरचं शहर. एका दिवसात अशा चार-पाच चौकटी काढून व्हायला हव्यात, आणि त्या नुसत्या बरोबर असून चालत नाही, वाचकाची नजर एकीकडून दुसरीकडे सरकली पाहिजे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस हा धंदा उभा राहिला तेव्हा तर पानं कारखान्यासारखी निघायची. विल आयझ्नर आणि जेरी आयगर यांनी १९३६ मध्ये काढलेल्या स्टुडिओसारख्या ठिकाणी एकजण पेन्सिल करायचा, दुसरा शाई चढवायचा, तिसरा अक्षरं लिहायचा. चित्रकार बरेचसे विशीतली मुलं. घोडा कसा उडी मारतो हे बघत बसायला वेळ नव्हता. हॅल फॉस्टरने ‘प्रिन्स व्हॅलियंट’ या वर्तमानपत्री चित्रमालिकेत उत्तम घोडा काढून ठेवलेला होता, तो समोर घ्यायचा आणि उतरवायचा. फॉस्टर, रेमंड आणि मिल्टन कॅनिफ हे तिघं त्या पिढीचे न मागता मिळालेले गुरू.

वॉली वुड हा माझ्या मते या माध्यमातल्या सर्वांत कुशल हातांपैकी एक. त्याच्या नावावर एक सल्ला सांगितला जातो. त्याचा आशय असा: जे बघून काढता येईल ते मनाने काढू नका, जे छापता येईल (म्हणजे वर पातळ कागद ठेवून उतरवता येईल) ते बघून काढू नका, आणि जे कापून चिकटवता येईल ते छापत बसू नका. हा सल्ला वाचून हसू येतं, पण वुडचं काम पाहिलेला माणूस त्याला आळशी म्हणणार नाही. कंटाळवाणा संवाद चालू असताना चौकट जिवंत कशी ठेवायची याचे त्याने आपल्या मदतनिसांसाठी नमुने काढून ठेवले होते. पुढे त्याचा मदतनीस राहिलेल्या लॅरी हामाने त्यांतले बावीस एका कागदावर चिकटवले आणि तो कागद दोन-तीन पिढ्यांच्या चित्रकारांच्या टेबलांसमोर लागला. आपली युक्ती इतरांनी घ्यावी, म्हणूनच ते नमुने काढलेले होते.

मराठीत ‘कित्ता गिरवणं’ असं म्हणतात, आणि हा सगळा घोळ सोडवायला मला तो शब्दप्रयोग फार उपयोगी वाटतो. कित्ता म्हणजे गिरवण्यासाठीच दिलेला नमुना. तो गिरवताना लाज वाटायचं कारण नाही, कारण गिरवलेलं पान कोणी आपलं म्हणून छापत नाही. त्यातून हात बसतो. चित्रकलेत ही परंपरा जुनी आहे. होकुसाईने १८१४ पासून ‘मांगा’ या नावाने चित्रांचे खंड काढले. त्यांत पैलवान, पक्षी, लाटा, पावसात धावणारी माणसं अशी शेकडो छोटी चित्रं आहेत, आणि शिष्यांनी, हौशी लोकांनी ती पाहून काढावीत हाच त्यांचा हेतू होता.

मीही असंच शिकलो. खिडकीच्या काचेवर कॉमिकचं पान धरायचं, वर पातळ कागद, आणि उन्हात दिसणाऱ्या रेषेवरून पेन्सिल फिरवायची. त्या वेळी एक गोष्ट लक्षात आली. छापून घेतलेलं चित्र हुबेहूब दिसायचं, पण मेलेलं वाटायचं. मूळ रेष कुठे जाड होती, कुठे सुटत होती, का सुटत होती, हे मला कळत नव्हतं. मूळ चित्रकाराने आधी खांदा समजून घेतला होता आणि मग त्यावर कापड घातलं होतं. माझ्याकडे फक्त कापड होतं.

उचल ओळखायची कशी, याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

माणसाचं शरीर मोजक्याच तऱ्हांनी वळतं. समोरून धावत येणारा माणूस दोन चित्रकारांनी एकमेकांना न बघता काढला तरी सारखा दिसू शकतो, म्हणून नुसत्या ठेवणीवरून आरोप करणं चूक. पाहायचं असतं ते योगायोगाने जुळणार नाही अशा तपशिलांकडे: कोपराजवळच्या सुरकुत्या किती आणि कोणत्या दिशेने, कपाळावर आलेली बट, मागच्या हाताची कोणती दोन बोटं दिसतात, सावली गालावर नेमकी कुठे तुटते. असे सात-आठ तपशील एकाच वेळी जुळले की योगायोग संपतो. चित्र आरशातल्यासारखं उलटवलेलं असेल तर आधी ते सुलटं करून पाहावं लागतं, ही जुनी युक्ती आहे. आता संगणकावर एक चित्र अर्धपारदर्शक करून दुसऱ्यावर ठेवता येतं. छापलेलं असेल तर रेषा एकमेकींवर बसतात. बघून काढलेलं असेल तर त्या जवळून जातात, पण थरथरतात. हा फरक मोठा आहे, कारण बघून काढताना निदान डोळ्याने निर्णय घेतलेले असतात.

सर्वांत पक्का पुरावा म्हणजे चूक. मूळ चित्रकाराने घाईत कान जरा वर काढला असेल आणि तो दुसऱ्याच्या पानावरही तेवढाच वर असेल, तर आणखी काही सांगायची गरज राहत नाही.

एक गोष्ट जरा थांबून बघण्यासारखी आहे, ती म्हणजे कमरेचा पट्टा. कमर ही नळकांड्यासारखी असते, त्यामुळे पट्टा सरळ रेषेत दिसत नाही. आपण खालून वर पाहत असू तर तो धनुष्यासारखा वर उचललेला दिसतो. वरून पाहत असू तर मधोमध खाली झोल घेतो. म्हणजे पट्ट्याच्या एका वक्रावरून बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे ते कळतं. उचललेल्या चित्रांत नेमकी इथेच गाठ उसवते. नायक एका चित्रातून घेतलेला असतो, तो खालून पाहिलेला, पट्टा वर उचललेला. खोली चित्रकाराने स्वतः काढलेली असते, ती वरून पाहिलेली, जमीन पसरलेली. एकाच चौकटीत दोन डोळे दोन उंचीवर बसतात. सामान्य वाचकाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण नायक जमिनीवर उभा न राहता चिकटवल्यासारखा वाटतो हे त्याला जाणवतं. तेच चेहऱ्याचं. धड एकाचं, डोकं दुसऱ्याचं असेल तर मान कोणाचीच नसते.

आतापर्यंत मी दोन टोकं दाखवली, कित्ता आणि छाप. मधे मोठा प्रदेश आहे. कोणी शैली घेतो: जाड सावल्या, तुटक रेष, डोळे काढायची लकब. कोणी शरीराची ठेवण घेतो. कोणी चौकटीची अख्खी रचना घेतो, म्हणजे कॅमेरा कुठे, दार कुठे, माणूस कुठे. कोणी रेषच घेतो. वरून खाली येताना घेणाऱ्याची स्वतःची मेहनत कमी होत जाते. पण गंमत अशी की वाचकांना राग नेहमीच या क्रमाने येत नाही.

किथ गिफनचं उदाहरण घ्या. गिफन हा १९८० च्या दशकातला नावाजलेला अमेरिकन चित्रकार. मधेच त्याची शैली बदलली: दाट काळे ठिपके, तुटलेले चेहरे, चौकटीबाहेर गेलेली माणसं. वाचक चकित झाले. १९८६ मध्ये ‘द कॉमिक्स जर्नल’च्या १०५ व्या अंकात एक लेख आला, आणि त्यात गिफनच्या चौकटींशेजारी अर्जेंटिनाच्या होसे मुन्योसच्या चौकटी छापल्या होत्या. मुन्योसने लेखक कार्लोस साम्पायोबरोबर ‘अलॅक सिनर’ ही गुप्तहेराची मालिका काढली होती. जाणकारांत ती गाजलेली होती, पण बहुतेक अमेरिकन वाचकांनी पाहिलेली नव्हती. चौकटी शेजारी ठेवल्या आणि गिफनची ‘नवी शैली’ कुठून आली ते उघड झालं.

गिफनने पुढे ते नाकारलं नाही. आपण पान समोर ठेवून छापत बसलो नव्हतो, पण इतका बारकाईने अभ्यास केला की तीच चित्रं आठवणीतून कागदावर उतरत गेली, असं त्याचं म्हणणं होतं. मला हे खरं वाटतं. ज्याने एखाद्या चित्रकाराचं वेड घेतलं आहे त्याला कळेल, पाठ झालेली रेष हातातून आपोआप निघते. पण गिफन प्रामाणिक होता असं मानलं तरी मुन्योसचं जे व्हायचं ते झालंच. अमेरिकेत ती दृष्टी पहिल्यांदा पोचली ती दुसऱ्याच्या नावाने. फॉस्टरचा घोडा घेतला तर लाखो लोक ओळखतात की हा फॉस्टरचा. इथल्या वाचकाने न पाहिलेल्या परक्या चित्रकाराचं घेतलं तर श्रेयही हाताबरोबर निघून जातं. उचललेली रेष तेवढीच असली तरी दुसऱ्या बाबतीत नुकसान कितीतरी अधिक.

म्हणून मी स्वतः एकच प्रश्न आधी विचारतो: वाचकाने मूळ ओळखावं असं या चित्रकाराला वाटतं, की ओळखू नये असं?

ओळखावं असं वाटत असेल तर ते अभिवादन. १९३८ च्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर जो शूस्टरने मोटार डोक्यावर उचललेला सुपरमॅन काढला, ते चित्र नंतर इतक्यांनी इतक्या तऱ्हांनी पुन्हा काढलं आहे की ते आता एखाद्या म्हणीसारखं झालं आहे. मृत देह हातांवर घेऊन उभा असलेला नायक हेही तसंच. १९८० च्या ‘एक्स-मेन’ १३६ वर ते आहे, १९८५ च्या ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’च्या सातव्या अंकावर जॉर्ज पेरेझने काढलेला सुपरगर्लला घेतलेला सुपरमॅन आहे, आणि त्या सगळ्यांमागे १४९९ च्या सुमारास पूर्ण झालेलं मायकलअँजेलोचं ‘पिएता’ उभं आहे. असं चित्र काढणारे अनेकजण सहीखाली ‘किर्बीवरून’, ‘पेरेझवरून’ असा दोन शब्दांचा उल्लेख करतात. अंगठ्याएवढ्या जागेत मावणारा हा उल्लेख सगळा फरक करतो.

जॅक किर्बीचं नाव आलंच आहे तर त्याच्याबद्दल थोडं. अमेरिकन कॉमिक्समध्ये सर्वांत जास्त उचलला गेलेला हात कदाचित त्याचाच. पण १९७२ मध्ये त्याने ‘द डीमन’ काढलं तेव्हा त्या राक्षसाचा चेहरा त्यानेही कुठून तरी घेतला होता. १९३७ च्या ‘प्रिन्स व्हॅलियंट’मध्ये एका प्रसंगात व्हॅल शत्रूला घाबरवायला हंसाच्या कातड्याचा मुखवटा करतो. तो पिवळा, सुळेवाला, कानांचे पंख पसरलेला मुखवटा किर्बीने उचलला. विशीत पाहिलेली फॉस्टरची एक चौकट पंचावन्नाव्या वर्षी वर आली. पण फॉस्टरकडे तो एका प्रसंगापुरता मुखवटा होता आणि किर्बीकडे तो एका दुभंगलेल्या जीवाचा खरा चेहरा झाला. घेतलेली गोष्ट नव्या जागी नव्या कामाला लागली. फॉस्टरचं त्यात काही गेलं नाही असं मला वाटतं.

दुसरीकडे, धंद्यानेच चित्रकारांना एकसारखं काढायला लावलं. मार्व्हल या कॉमिक्स कंपनीत १९६० च्या दशकात नव्या माणसाला लय कळावी म्हणून किर्बीच्या कच्च्या आराखड्यांवर काम दिलं जायचं. जॉन रोमिटाने १९६६ च्या सुरुवातीला ‘डेअरडेव्हिल’ हाती घेतलं तेव्हा सुरुवात अशीच झाली. त्यानंतर किर्बी डीसी या दुसऱ्या कंपनीत गेला, तर तिथे त्याने काढलेल्या सुपरमॅनचे चेहरे कंपनीच्या ठरलेल्या साच्यात बसत नाहीत म्हणून दुसऱ्या चित्रकारांकडून पुन्हा काढून घेण्यात आले. ज्या घरात एकसारखं असणं हाच हुकूम असतो तिथे ‘तू अमक्यासारखं का काढलंस’ हा प्रश्न एकट्या चित्रकाराला विचारणं अन्यायाचं आहे.

जपानमध्ये याबाबत वातावरण कितीतरी कडक आहे. तिथे छापून घेतलेल्या चित्रासाठी ‘तोरेपाकू’ असा शब्दच आहे, ‘ट्रेस’ आणि ‘ढापणं’ जोडून केलेला. २००५ मध्ये युकी सुएत्सुगु या मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, काढणाऱ्या स्त्रीच्या ‘एदेन नो हाना’ या मालिकेतली चित्रं ताकेहिको इनोउएच्या ‘स्लॅम डंक’मधून छापलेली आहेत, हे वाचकांनी चित्रं शेजारी ठेवून दाखवलं. तिने कबूल केलं. प्रकाशक कोदान्शाने त्या ऑक्टोबरमध्ये तिची चालू मालिका थांबवली आणि आधीची पुस्तकंही बाजारातून काढून घेतली. एका घोषणेत तिचं तेव्हापर्यंतचं सगळं काम नाहीसं झालं.

ती दोन वर्षांनी परत आली. २००७ च्या अखेरीस तिने ‘चिहायाफुरू’ सुरू केलं, कविता लिहिलेल्या पत्त्यांच्या खेळात जीव गुंतलेल्या मुलीची गोष्ट. तिला २००९ मध्ये मांगा ताइशो पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये कोदान्शाचाच मांगा पुरस्कार. मालिका २०२२ पर्यंत चालली. त्यातली खेळाची दृश्यं पाहा: पत्त्यावर झेपावणारा हात, उडणारी बाही, जमिनीला टेकलेला गुडघा. हालचाल दाखवण्यासाठी जिने दुसऱ्याचं पान खाली ठेवलं होतं तिला हे येत होतं, हे पाहून मला वाईटही वाटतं आणि बरंही. शिक्षा अति झाली का? मला वाटतं, चूक असलेली पुस्तकं मागे घेणं योग्य होतं, सगळीच मागे घेणं जरुरीचं नव्हतं.

या प्रकरणाला एक पुढची कडी आहे. नंतर वाचकांनी ‘स्लॅम डंक’च्या काही चौकटी बास्केटबॉलच्या छायाचित्रांशेजारी ठेवल्या, आणि त्याही फार जवळ होत्या. छायाचित्रावरून काढणं हा उचलीचाच चुलत भाऊ. छायाचित्रकारानेही कोन निवडलेला असतो, तो क्षण टिपलेला असतो. यातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे छायाचित्र आपलं आपण काढणं. अ‍ॅलेक्स रॉस ओळखीच्या माणसांना उभं करून, प्रकाश लावून फोटो घेतो आणि मग रंगवतो. १९९६ च्या ‘किंगडम कम’मधला वृद्ध पाद्री म्हणजे त्याचे स्वतःचे वडील, जे खरोखरच पाद्री होते.

आता कायदा. बहुतेकांना वाटतं की शेवटचा निकाल तिथे मिळेल. मिळत नाही, आणि त्याची कारणं समजून घ्यायला हवीत.

पहिलं कारण सोपं आहे. कॉपीराइट कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या रूपात मांडली त्या रूपाला देतो. ‘दोरीला लटकलेला नायक’ ही कल्पना, ती कोणाचीच नाही. रेमंडने काढलेला विशिष्ट लटकलेला नायक हे रूप. मधली सीमा कुठे, हे दर वेळी चित्रं समोर ठेवूनच ठरवावं लागतं. शैली घेणं म्हणूनच सहसा कायद्याच्या कक्षेत येत नाही, गिफनने मुन्योसची घेतली तशी पूर्ण अंगात भिनवून घेतली तरी.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. कायदा मालकाचं रक्षण करतो, आणि अमेरिकन कॉमिक्समध्ये चित्राचा मालक बहुधा चित्रकार नसतो. सुपरमॅन निर्माण करणारा लेखक जेरी सिगेल आणि शूस्टर यांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकले. त्यानंतर कित्येक दशकं पानं काढून द्यायची, पानामागे ठरलेले पैसे घ्यायचे आणि हक्क कंपनीकडे जायचे, अशीच रीत होती. मग मार्व्हलच्या एका चित्रकाराने मार्व्हलच्याच जुन्या अंकातली किर्बीची चौकट उचलली तर कोणाचा हक्क बुडाला? कायद्याने कोणाचाच नाही. दोन्ही पानं एकाच मालकाची. ज्याच्या बोटांतून ती रेष निघाली तो माणूस या हिशोबात कुठेच येत नाही. म्हणूनच उचलीच्या गोष्टी कोर्टात कमी आणि चित्रकारांच्या आपापसातल्या बोलण्यात जास्त ऐकू येतात.

आणि कॉमिक्सची चौकट कॉमिक्सबाहेर गेली की काय होतं? नोव्हेंबर १९६२ च्या ‘सीक्रेट हार्ट्स’ या प्रेमकथांच्या अंकात टोनी अ‍ॅब्रुझोने काढलेली एक चौकट होती. समुद्रात बुडत असलेली मुलगी, मागे उलटलेल्या होडीला धरून राहिलेला तिचा मित्र. ती मनात म्हणते की पायात गोळा आला तरी पर्वा नाही, मॅलला हाक मारण्यापेक्षा बुडेन. पुढच्या वर्षी पॉप आर्टमधला प्रसिद्ध चित्रकार रॉय लिक्टनस्टाईन याने यावरून ‘ड्राउनिंग गर्ल’ हे मोठं तैलचित्र केलं. त्याने होडी काढून टाकली, मित्र काढून टाकला, पायातला गोळा गाळला, मॅलचा ब्रॅड केला. उरली फक्त मुलगी, लाटा आणि एक वाक्य. हे चित्र आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. त्याच वर्षीचं ‘व्हाम!’ हे सुमारे चार मीटर रुंद चित्र आयर्व्ह नॉव्हिकने युद्धकथेसाठी काढलेल्या चौकटीवरून आहे, ते लंडनच्या टेटने १९६६ मध्ये विकत घेतलं.

लिक्टनस्टाईनने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. होडी काढून टाकणं हा खरा चित्रकाराचा निर्णय आहे. त्याने ती चौकट एका गोष्टीतून सोडवून एकटी उभी केली. पण लाटांची ती वळणं, केसांचा तो प्रवाह, वर आलेला तो हात, हे अ‍ॅब्रुझोने एका प्रेमकथेच्या पानावर, ठरल्या तारखेच्या आत काढलेलं होतं. त्या काळी अशा अंकांत चित्रकाराचं नाव बहुधा छापलंच जात नसे. त्यामुळे उल्लेख करायचा म्हटलं तरी शोधावा लागला असता. पुढे अभ्यासकांनी शोधला, एकेका चित्राची मूळ चौकट सापडवली. म्हणजे ते अशक्य नव्हतं.

नाव घेणं म्हणजे भावनेचा प्रश्न, पैशाचा नाही, असं कोणाला वाटत असेल तर अलीकडचा एक निकाल पाहावा. तो कॉमिक्सचा नाही, पण मुद्दा तोच आहे. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथने १९८१ मध्ये गायक प्रिन्सचं एक छायाचित्र काढलं. १९८४ मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’ने अँडी वॉरहॉलला त्यावरून एकदाच वापरायचं चित्र करता यावं म्हणून तिला ४०० डॉलर दिले, आणि श्रेयही दिलं. वॉरहॉलने त्या एका छायाचित्रावरून आणखी चित्रं केली. प्रिन्स २०१६ मध्ये गेला, तेव्हा त्यांतलं एक चित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर छापलं गेलं. वॉरहॉलच्या चित्रांचे हक्क सांभाळणाऱ्या वॉरहॉल फाउंडेशनला सुमारे दहा हजार डॉलर मिळाले, गोल्डस्मिथला काही नाही, श्रेयसुद्धा नाही. १८ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी गोल्डस्मिथची बाजू घेतली. न्यायालयाने भर दिला तो वापरावर: दोन्ही चित्रं मासिकाला एकाच कामासाठी विकली जात असतील, तर ‘माझी शैली वेगळी आहे’ एवढं म्हणून पुरत नाही. गोल्डस्मिथ लढू शकली, कारण छायाचित्राचे हक्क तिचे स्वतःचे होते. नॉव्हिक किंवा अ‍ॅब्रुझो यांच्यापाशी ते नव्हते.

रस हीथकडेही नव्हते. हीथ युद्धकथा काढायचा, आणि विमानं इतकी अचूक की प्रत्येक जोड, प्रत्येक पत्रा जागच्या जागी. त्याच्या एका चौकटीतल्या कोसळणाऱ्या विमानावरून लिक्टनस्टाईनने १९६२ मध्ये ‘ब्लॅम’ केलं. हीथला त्यातून कधी काही मिळालं नाही. पंच्याऐंशी ओलांडल्यावर त्याने या सगळ्यावर एक पानाचं कॉमिक काढलं, स्वतःलाच पात्र करून. ते त्याने हीरो इनिशिएटिव्ह या संस्थेसाठी केलं. ही संस्था म्हाताऱ्या, अडचणीत आलेल्या कॉमिक्सवाल्यांच्या औषधपाण्याचा आणि घरभाड्याचा भार उचलते, आणि तिने हीथलाही हात दिला होता. पानाच्या शेवटी त्याने तिचे आभार मानले आहेत, नाव घेऊन.